लास्कारची एक दिवसाची सहल: फोटो विवराचा, दर्शन पायथ्याचं

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन गाईडचे, अर्धा ड्रायव्हरचा. ज्या दुकानात पैसे भरले त्याला शून्य.

आधी दुकानाचंच सांगतो, म्हणजे राग एकदाचा मोकळा होईल. सान पेद्रो दे आताकामा हे उत्तर चिलीतल्या वाळवंटातलं गाव. लास्कार हा त्या भागातला जिवंत ज्वालामुखी. तिथे काराकोलेस नावाचा मुख्य रस्ता आहे आणि त्यावर दर दुसरं दार टूरवाल्याचं. आम्ही ज्या दारात शिरलो त्याच्या शेजारी माणसाहून उंच फोटो लावला होता. विवराचा काठ, आतून उसळणारी पांढरी वाफ, काठावर हात पसरून उभी एक बाई, आणि खाली मोठ्या आकड्यात ५५९२ मीटर. मी सत्तावीस वर्षं दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचं काम केलं. काळ्या पाषाणाखेरीज दुसरा दगड हातात फारसा आला नाही. तो पाषाणही लाव्हाचाच, पण कधीचा थंड झालेला. एकदा तरी जिवंत ज्वालामुखीच्या तोंडात डोकावून यायचं, एवढी एक हौस निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. मुलगी नोकरीला सांतियागोत असते, तिला स्पॅनिश येतं. तिने काउंटरवरच्या पोराला दोनदा विचारलं, "वरपर्यंत ना?" पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सी, सी, लास्कार." माणशी १ लाख १० हजार पेसो, रोख, आधी.

पावतीवर बारीक अक्षरात 'सेक्तोर लास्कार' असं लिहिलं होतं. सेक्तोर म्हणजे परिसर. रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलीने पावती पुन्हा वाचली तेव्हा हे लक्षात आलं. तोवर दुकानाला कुलूप.

पहाटे पाचला गाडी आली. गाईडने आम्हाला आत बसू दिलंच नाही. रस्त्यावरच उभं करून, कुणी काही विचारायच्या आत सांगितलं की वर कुणालाही सोडत नाहीत. १० डिसेंबर २०२२ ला लास्कारने स्फोट केला, राखेचा खांब विवराच्या वर सहाएक किलोमीटर चढला, आणि पुढच्या आठवड्यांत विवरात लाव्हाचा नवा घुमट दिसायला लागला. आम्ही गेलो तेव्हा त्या गोष्टीला वर्ष व्हायचं होतं आणि काठाकडे जाणारी वाट बंद होती. "दुकानात तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "उतरायचं असेल त्यांनी आत्ताच थांबा. पैसे मागायला जाल तेव्हा माझं नाव सांगा." एक जोडपं तिथूनच परत गेलं. मीही निघालो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, आई झोपलीय, हॉटेलात जाऊन तुम्ही करणार काय? चला." बसलो, तोंड पाडून.

गाडी ठीक होती. चारही चाकांना जोर असणारी, दोन जादा टायर, वॉकीटॉकी, ऑक्सिजनचा सिलिंडर. माझ्या सीटचा पट्टा तुटका होता, तो ड्रायव्हरने गाठ मारून चालवला. वरचा रस्ता म्हणजे पत्र्यासारख्या वळ्या पडलेली माती. तिकडे त्याला 'कालामिना'च म्हणतात, म्हणजे नालीदार पत्रा. अशा रस्त्यावर हळू गेलं की हाडं खिळखिळी होतात आणि एका ठराविक वेगाने गेलं की गाडी वळ्यांच्या डोक्यावरून तरंगत जाते. ड्रायव्हरला तो वेग नेमका माहीत होता. अर्धा तारा त्याचा.

पहिला थांबा तोकोनाओ. चौकात घंटेचा एक सुटा मनोरा आहे, साधारण १७५० सालचा, पांढऱ्या दगडाचा. गावातली जुनी घरंही त्याच दगडाची. लोक त्याला लिपारिता म्हणतात. मी जमिनीवर पडलेला एक तुकडा उचलून किल्लीने ओढून पाहिलं, सरळ ओरखडा उठला. आमच्या पाषाणावर किल्ली ओढली तर किल्लीचीच कड जाते. गाईड माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, कामाला कुठे होतात? मुलीने सांगितलं. त्या क्षणापासून सहल बदलली, हे कबूल करायला हवं. बाकीच्या आठ जणांना तो 'इथे फोटो काढा, तिथे फोटो काढा' असंच सांगत राहिला आणि माझ्याशी दगडाबद्दल बोलायला लागला. त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा मिळेल याची खात्री नाही. पण विचारलंत तर मिळेल. माणूस विचारण्याची वाटच बघत असतो.

तो पांढरा दगड म्हणजे राखच. सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी पूर्वेकडे ला पाकाना नावाचं प्रचंड विवर फुटलं आणि तापलेली राख नि प्युमिस, म्हणजे फेसासारखा भोकाभोकांचा हलका दगड, यांचा लोंढा सगळ्या उतारावर पसरला. तो इतका गरम आणि जाड होता की जागच्या जागी घट्ट होऊन दगड झाला. इग्निम्ब्राइट म्हणतात त्याला. गावाने तोच कापून देवळाचा मनोरा बांधला. लास्कार याच्या मानाने अगदी अलीकडचा.

तोकोनाओवरून गाडी वर चढत तालाब्रेला गेली. हे लास्कारला सगळ्यात जवळचं गाव, विवरापासून १७ किलोमीटर पश्चिमेला. गाईड तिथलाच, लिकानान्ताय या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचा. गावाच्या थोडं खाली, घळीच्या तोंडाशी त्याने गाडी उभी केली आणि आम्हाला एका भिंतीसमोर नेलं. वीसेक फूट उंच, फिकट राखाडी, मध्येच गुलाबी झाक. मी आयुष्यभर दगडाचे कापच बघत आलो, तरी ही भिंत पहिल्या नजरेत कळली नाही. पिठासारखी भुकटी, त्यात सुपारीएवढे खडे, त्यात डोक्याएवढे गोळे, त्यातच फ्रिजएवढा एक काळा धोंडा. सगळं एकत्र, काही म्हणजे काही निवडलेलं नाही. चाळणी न मारता डंपरने थेट ओतलेला माल असतो ना, तसा.

मी तसं म्हणालो. मुलीने भाषांतर केलं. गाईड हसला आणि म्हणाला, तुम्हाला निम्मं कळलं. हवेतून पडलेला माल वारा चाळतो. जड आधी, हलकं नंतर, एका ठिकाणी साधारण एकाच मापाचं. जमिनीवरून लोंढ्याने आलेला माल कुणी चाळत नाही. ही भिंत लोंढ्याची. सोनकोर नावाचा स्फोट, सुमारे २६,५०० वर्षांपूर्वीचा, लास्कारच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. १० ते १५ घनकिलोमीटर माल बाहेर आला आणि लोंढा पश्चिमेला २७ किलोमीटर धावला, म्हणजे जवळपास आताकामाच्या मिठागरापर्यंत, जे आम्हाला मागे वळून पाहिलं की खाली पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसत होतं. मी अंदाज बांधायला गेलो. आमच्या खाणीतून सत्तावीस वर्षांत जेवढा दगड निघाला तो या हिशेबात कुठे बसतो? बसतच नाही. शेवटी तो नाद सोडला.

त्या भिंतीतून निसटलेला प्युमिसचा एक गोळा मी हातात घेतला. नारळाएवढा. मनाने दोन किलोंची तयारी केली होती, हात एकदम वर गेला. न्हाणीघरात पाय घासायची वजरी असते, तिचाच मोठा भाऊ. उन्हाकडे धरून पाहिलं तर बारीक बारीक लांबट भोकं, सगळी एकाच दिशेला ओढलेली, ताणलेल्या जिलबीच्या पाकासारखी. दोन गोळे एकमेकांवर घासले तर करकर असा आवाज आणि हातावर काचेची धूळ. एका गोळ्यात पांढरे आणि राखाडी पट्टे एकत्र होते. गाईड म्हणाला, खाली वेगवेगळ्या दोन मालांची भेट झाली आणि नीट ढवळायच्या आत वर फेकले गेले. मला ते फार आवडलं. कणीक मळताना दोन पिठं पुरती मिसळली नाहीत की असंच दिसतं.

खिशात एक तुकडा टाकावा असं वाटलं होतं. गाईडने हात पुढे केला आणि तो परत भिंतीच्या पायाशी ठेवला. न्यायचं नाही. बरोबर आहे.

तालाब्रेच्या वरून दुर्बिणीतून पर्वत नीट दिसतो. पहिल्यांदा निराशा होते. शाळेच्या चित्रात असतो तसा टोकदार सुळका नाहीच. बुटका, रुंद, माथा कापल्यासारखा. कारण लास्कार एक नाही, एकमेकांना चिकटलेले दोन सुळके आहेत आणि माथ्यावर सहा विवरं एकात एक अडकलेली. काम आधी पूर्वेच्या सुळक्यात सुरू झालं, मग पश्चिमेच्या. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तुम्ब्रेस नावाचा आणखी एक मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर काम पुन्हा पूर्वेला गेलं. आज वाफ येते ती तिथूनच. वायव्य अंगावरून एक काळी जाड जीभ उतरते आणि तालाब्रेच्या घळीत शिरते. हा सुमारे ७,१०० वर्षांपूर्वीचा लाव्हा. दोन्ही कडांना बांध, मध्ये खोलगट, आणि पुढचं टोक गुबगुबीत, थबकल्यासारखं. आमच्याकडचा लाव्हा पातळ होता, तो मैलोनमैल सपाट पसरला. इथला अँडेसाइट, सिलिका जास्त, चिकट. काकवीसारखा सरकतो आणि मध्येच गोठतो. म्हणून इथे डोंगर उभा राहतो. राख, लाव्हा, राख, लाव्हा असे थर चढत जातात. अँडेसाइट हे नावच अँडीजवरून पडलंय.

हे सगळं तिथे मुळात का होतं, हे गाईडने दोन मिनिटांत उरकलं आणि मीही उरकतो. पॅसिफिकखालची नाझ्का प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वेगाने दक्षिण अमेरिकेखाली घुसते. तिच्यासोबत मुरलेलं पाणी खोल गेल्यावर सुटतं. त्या पाण्यामुळे वरचा तापलेला खडक कमी तापमानाला वितळतो. तो वितळलेला माल वर यायला लागतो, पण इथलं कवच तब्बल ७० किलोमीटरपर्यंत जाड. वाटेत तो अडतो, साचतो, आजूबाजूचं खातो, घट्ट होतो. वर पोचेपर्यंत चिकट आणि वायूने भरलेला.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते.

नाश्त्याला थांबलो होतो तेव्हा विवरातून एक बारीक पांढरी रेघ सरळ वर जात होती. आमच्यातल्या एका तरुणाने विचारलं, धूर निघतोय म्हणजे धोका का? गाईडने माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. सुरुंग लावणारा सांगेल." मी गोंधळलो. मग त्याने स्वतःच काठीने मातीत चित्र काढलं, आणि ते बघता बघता मला ते आपोआप कळत गेलं.

आमच्या कामात होल मारतात, दारू भरतात आणि वरचं तोंड मुरूम-कच घालून ठासतात. सगळी करामत त्या ठासणीत. ठासणी ढिली राहिली तर वायू वरच्या वर फुस्सकन निघून जातो. आवाज मोठा, दगड जागचा हलत नाही. ठासणी घट्ट असली तर वायूला जायला वाट नाही, मग तो खडक फाडतो. नवीन माणूस आवाजाला घाबरतो. जुना माणूस न वाजलेल्या होलला घाबरतो.

लास्कारचं १९८४ पासून हेच चाललं होतं. विवराच्या तळाशी चिकट लाव्हा येऊन घुमट होतो. ताजा घुमट स्पंजसारखा, भोकाभोकांचा, भेगाळलेला. वायू त्यातून निघत राहतो, खालून बघणाऱ्याला मोठी वाफ दिसते, रात्री लाल उजेडही दिसतो. ही ढिली ठासणी. मग घुमट थंड होतो, स्वतःच्या वजनाने खाली बसायला लागतो. बसताना आतली भोकं चेंगरतात, कडेच्या भेगा मिटतात. वाफ कमी होते. गाव म्हणतं, शांत झाला. आणि नेमका तेव्हा तो ठासला जात असतो. १९८६ च्या सप्टेंबरात, १९९० च्या फेब्रुवारीत आणि १९९३ च्या एप्रिलात असाच ठासून ठासून फुटला. पुढे ही लय बिघडली, दर वेळी पुस्तकातल्यासारखं घडत नाही, हेही त्याने सांगितलं. पण त्याच्या आजीचं एक वाक्य होतं म्हणे, पर्वत श्वास घेतोय तोवर जेवून घ्या. मला आजीचं पटलं.

१९८० च्या दशकात ही उष्णता पहिल्यांदा नीट टिपली ती लँडसॅट उपग्रहाने. एवढ्या उंचीवर रोज जाऊन कोण बघणार? आज दूर दक्षिणेत तेमुको शहरात चिलीची ज्वालामुखी वेधशाळा आहे, तिथे बसून इथल्या धक्क्यांवर नजर ठेवतात. सेर्नाखेओमिन ही सरकारी संस्था लास्कारचा अहवाल काढते, फुकट वाचायला मिळतो. मुलीने परतताना मोबाईलवर तो उघडला. तिकीट काढायच्या आधी उघडला असता तर हे परीक्षण वेगळं झालं असतं. दुकानदारावर रागावताना ही चूक आमचीही होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

१९९३ चं गाईडने स्वतःचं सांगितलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा. १९ एप्रिल, सोमवार. राखेचा खांब २० किलोमीटरच्या वर गेला. आईने मुलांना आणि एका शेळीच्या करडाला गाडीत घालून तोकोनाओला नेलं. शेळ्या-लामा मागे राहिले. मी विचारलं, गावात किती राख पडली? तो म्हणाला, फारशी नाही. वारा पश्चिमेकडून होता. राख सगळी अर्जेंटिनाला गेली, सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या ब्युनोस आयरेसमध्ये गाड्यांच्या काचांवर पडली, आणि विवरापासून १७ किलोमीटरवरच्या आमच्या अंगणात झाडू मारण्याइतकीसुद्धा नाही. गरम लोंढा मात्र वाऱ्याला विचारत नाही, तो उताराला विचारतो. तो वायव्येला साडेआठ किलोमीटर खाली आला.

त्या लोंढ्याची टोकं दुर्बिणीतून दाखवली. जवळ जायला परवानगी नव्हती. फिकट रंगाची बोटं, एकावर एक, प्रत्येकाच्या कडेला मोठ्या गोळ्यांचा बांध. मोठे हलके गोळे वर तरंगतात आणि कडेला, पुढे ढकलले जातात, मागून बारीक माल येतो. ओली वाळू ट्रकमधून उतरवली की तीही अशीच जिभा काढत पसरते. मग त्याने फोनमध्ये एक जुना फोटो दाखवला. वाट खुली होती तेव्हा त्यानेच काढलेला. अँडेसाइटचा पक्का काळा खडक, आणि त्यावर ओळीने समांतर खरवडे, कुणी छिन्नी घेऊन घासल्यासारखे. मी म्हणालो, प्युमिसने हे होणं शक्य नाही, तो माझ्या हातात चुरा झाला. बरोबर, तो म्हणाला. लोंढ्याच्या तळाशी जुन्या डोंगराचे फुटलेले जड दगड होते, त्यांनी खरवडलं. प्युमिस वरून नुसता प्रवासाला. तो फोटो मी चार वेळा मोठा करून पाहिला. काठावर हात पसरलेल्या बाईपेक्षा हा फोटो दुकानाबाहेर लावा, असं मी त्याला सांगितलं. त्यावर कुणी पैसे भरत नाही, असं तो म्हणाला.

पुढचा थांबा लागुना लेखिया, ४,३२५ मीटरवरचं खारं तळं, लास्कारच्या दक्षिणेला. काठाला पांढरी खारी साय, पलीकडे फ्लेमिंगो, सगळीकडे पिवळं ताठ गवत. इथे सगळे कॅमेरे चुकीच्या डोंगराकडे वळले. डावीकडचा बुटका तो लास्कार. उजवीकडचा उंच, देखणा, सुळक्यासारखा तो आग्वास कालिएन्तेस, ५,९२४ मीटर. माझ्याही फोनमध्ये त्याचेच सहा फोटो निघाले, लास्कारचे दोन.

इथे मला उंची लागली. कपाळात ठोके, जिभेला चव नाही, पन्नास पावलं चाललो की थांबावं लागत होतं. समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब तिथे साठ टक्क्यांच्या आसपास. गाईडने बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, आकडा ८१. त्याने चाचाकोमा नावाच्या पहाडी पाल्याचा काढा दिला, गवती चहा आणि कडूलिंब यांच्या मधली चव, आणि गाडीत बसवून खिडकी उघडी ठेवली. अर्ध्या तासात ८५. त्याने आकडा वहीत लिहिला, माझ्या वयासकट. हे सगळं न घाबरवता केलं, याला मी पूर्ण एक तारा देतो. विचार केला तर विवराच्या काठावर, आणखी हजार मीटर वर, माझं काय झालं असतं कोण जाणे. वाट बंद होती म्हणून अब्रू राहिली. हे मुलीला सांगितलं नाही, तिने इथे वाचू नये.

जेवण साधारण. आम्ही शाकाहारी म्हणून लिहून दिलं होतं, डब्यात ट्यूना निघाला. विचारल्यावर अगदी प्रामाणिक चेहऱ्याने उत्तर आलं की हे मांस नाही, मासा आहे. ब्रेड, चीज आणि मीठ लावलेलं अवोकाडो यावर भागलं. अवोकाडोला तिकडे पाल्ता म्हणतात आणि ते फार चांगलं असतं. चहा वाईट, पण तो दोष कुणाचा नाही. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, पत्तीला रंग सुटतो, कडकपणा येत नाही. मुलगी दोन पिशव्या टाकून बघत होती, तरी नाही.

संध्याकाळी पाचला परत. आंघोळ न करता थेट दुकानात गेलो. तोच पोरगा. म्हणाला, पावतीवर सेक्तोर लिहिलंय. मुलगी म्हणाली, तोंडाने लास्कार म्हणालास. पाऊण तास हे चाललं. गाईडचं नाव सांगितल्यावर मालकीणबाई आतून आल्या, त्यांनी माणशी २५ हजार पेसो परत दिले आणि फोटोखाली 'पायथा' असं लिहू, असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, लिहिलं नव्हतं.

तरीही जायचं का? जायचं. वाट बंद असली तरी जायचं, फक्त पायथ्याच्या दरात. काही गोष्टी मात्र सांभाळा. सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे, तिथे निदान तीन रात्री काढून मगच वर जा. आम्ही दोनच काढल्या. दुकानात 'लास्कार' हा शब्द ऐकून खूश होऊ नका. विवराचा काठ, पायथा की तळं, आणि नेमके किती मीटर, हे पावतीवर लिहून घ्या. तालाब्रेचा गाईड मागा. दुर्बीण स्वतःची न्या, त्यांच्याकडे एकच आहे आणि ती आठ जणांत फिरते. ओठांना लावायला काहीतरी ठेवा, माझे तिसऱ्या दिवशी फुटले. दुपारनंतर वारा सुटतो, त्यात कानटोपी उडते. माझी तळ्याच्या पलीकडे फ्लेमिंगोंकडे गेली.

आणि गाडीत डावीकडची खिडकी धरा. तालाब्रेवरून तळ्याकडे जाताना लास्कार सगळा वेळ डाव्या हाताला असतो. मी उजवीकडे बसलो होतो, सगळा पर्वत एका गृहस्थाच्या कानामागून पाहिला. परतताना तो उजवीकडे आला, पण तोवर मला झोप लागली होती.